वळवानंतरचा हस्त
हस्ताचा पाऊस पेरणीवाल्यांना ठाऊक, पण हस्ताचे तारे बघायचे ते मे महिन्यात. वळीव पडून धूळ बसली की अमावस्येच्या आसपास दुर्बीण घेऊन जांबोटीकडे निघा. बेळगावचा उजेड पाठीशी राहतो, दक्षिणेला नुसतं रान. मेच्या मध्यात साडेनवाला हस्ताचा चौकोन दक्षिणेला बराच वर असतो. त्याचा डावा वरचा तारा जोडतारा आहे: ठळक ताऱ्यापासून २४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फिकट सोबती. तिथून साधारण साडेपाच अंश वर, किंचित डावीकडे एम १०४ (मेसिएच्या यादीतला १०४ वा क्रमांक), म्हणजे सोम्ब्रेरो दीर्घिका. सहा इंची दुर्बिणीतून चातीसारखा धुरकट पट्टा दिसतो. नजर थेट रोखू नका, किंचित बाजूला ठेवा; फिकट पट्टा तसा जास्त नीट दिसतो. फोटोतले रंग मात्र विसरा!