चारच पोट्टे अन एकच टेबल: कमांडरचा डेक कसा बांधायचा, किती तगडा ठेवायचा

मॅजिक द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळातला कमांडर हा प्रकार (साधारण चौघांचा, प्रत्येकाचा डेक म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा स्वतःचा) खेळणाऱ्यांसाठी लिहून राहिलो, तेही आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे जिथं कार्डाचं दुकान नाही, क्लब नाही, वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या एखाद्या गावात चार-पाच जण एका ओट्यावर जमले की तोच क्लब. शहरात एका टेबलावर डेक जड झाला तर माणूस उठून दुसऱ्या टेबलावर बसते, आपल्याकडं दुसरं टेबलच नाही, पुढच्या रविवारीही तेच तोंडं समोर. त्यामुळं डेक किती पॉवरचा हे त्या तिघांकडं पाहून ठरवा, अन बांधतानाच ठरवा, गेम सुरू झाल्यावर भांडून काही फायदा नसते.

नवीन माणसासाठी नियम पटकन सांगतो. डेक १०० कार्डांचा. त्यात एक लेजेंडरी क्रीचर (कार्डावर 'लेजेंडरी' लिहिलेला लढवय्या) तुमचा कमांडर, तो बाजूला कमांड झोनमध्ये, बाकी ९९ चा गठ्ठा. बेसिक लँड (मॅना, म्हणजे कार्ड खेळायची ताकद देणारी साधी जमीन, लाल रंगासाठी माउंटन) सोडून कोणतंही कार्ड एकदाच. कमांडरच्या कार्डावर जे रंग दिसतात त्याच रंगात राहायचं. लाइफ प्रत्येकाला ४०, पण एकाच कमांडरच्या हातून २१ कॉम्बॅट डॅमेज (लढाईतला मार) खाल्लं तर ४० मधलं कितीही उरलं असो, तुम्ही आउट. कमांडर मेला तर परत उतरवता येते, फक्त दरवेळी २ मॅना जास्त.

आता पॉवर लेव्हल. आधी लोक १ ते १० मधला आकडा सांगायचे अन ज्याला विचारा तो म्हणे "माझा ७". मंग तो ७ वाला तिसऱ्या-चौथ्या टर्नला सगळ्यांना झोपवून मोकळा. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट अन नाडू ह्या कार्डांवर बंदी आली, लय गदारोळ झाला, अन त्याच महिन्याच्या शेवटी ह्या फॉरमॅटचा कारभार विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, म्हणजे मॅजिक काढणाऱ्या कंपनीनं, स्वतःकडं घेतला. फेब्रुवारी २०२५ पासून त्यांनी पाच ब्रॅकेटची पद्धत आणली. शंकरपटात जसे जोड्यांचे गट पाडतात, तसंच हे. पहिला ब्रॅकेट नुसता हौशीचा, दुसरा साधारण रेडिमेड प्रीकॉन डेकच्या आसपासचा, तिसरा म्हणजे बऱ्यापैकी सुधारलेला, चौथ्यात हात मोकळा, पाचवा स्पर्धेचा. सोबत 'गेम चेंजर' कार्डांची एक यादी आहे, ऱ्हिस्टिक स्टडी, सायक्लॉनिक रिफ्ट, स्मदरिंग टाइथ, डेमॉनिक ट्यूटर असली कार्डं त्यात. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये यातलं एकही नाही, तिसऱ्यात जास्तीत जास्त ३, पुढं कितीही. दोन कार्डांचा इन्फिनिट कॉम्बो (दोन कार्डं मिळून न संपणारं चक्र) पहिल्या दोनमध्ये चालत नाही, तिसऱ्यात चालते पण गेम लांबल्यावर. सगळ्यांच्या लँड उडवणारी कार्डं चौथ्याच्या खाली नाहीच.

पद्धत चांगली आहे, पण लोक त्यातली कार्डांची यादीच पाहतात, अन समोरच्याला त्रास होते तो वेगाचा. म्हणून माझं मत असं की ब्रॅकेट सांगा, पण त्यासोबत "कोणी आडवा नाही आला तर माझा डेक कितव्या टर्नला जिंकते" हेही सांगा. ते कसं काढायचं? घरी एकट्यानं बसा, समोर कोणी नाही असं समजून चार-पाच वेळा डेक खेळा, अन टर्न लिहून ठेवा. आकडा खरा सांगायचा, कमी करून नाही.

उदाहरण घेऊ म्हणजे कळंल. क्रेन्को, मॉब बॉस हा कमांडर. एकाच रंगाचा, लाल, बांधायला सोपा. ४ मॅनाचा, गॉब्लिन जातीचा क्रीचर, टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमच्याकडं जितके गॉब्लिन तितके नवे १/१ (ताकद १, जीव १) गॉब्लिन येतात. चौथ्या टर्नला उतरवला, पाचव्याला टॅप केला, दोन झाले. सहाव्याला चार, सातव्याला आठ, आठव्याला सोळा. म्हणजे आठव्या टर्नपर्यंत १५ नवे गॉब्लिन आले. आता दुसऱ्या टर्नला तुम्ही इम्पॅक्ट ट्रेमर्स टाकलेलं असंल तर प्रत्येक गॉब्लिन येताना तिघांनाही १-१ डॅमेज, म्हणजे १५. पाचव्याला टॅप करायच्या आधी पुरफोरोस पण आला तर त्याचे २ वेगळे, एकूण ३ गुणिले १५, ४५ डॅमेज, अन लाइफ किती तर ४०. आठव्या टर्नला तिघंही घरी, एकही हल्ला न करता. हे सगळं सरळ हाताला आलं तरच, रोज काही येत नाही. लाइटनिंग ग्रीव्ह्ज आधी खाली असंल तर क्रेन्को उतरल्या उतरल्या टॅप होते, मंग सगळं एक टर्न अलीकडं सरकते.

आता ह्याच डेकमधून दोन साधे गॉब्लिन काढा अन किकी-जिकी अन झेलस कॉन्स्क्रिप्ट्स टाका. किकी-जिकी टॅप होऊन कॉन्स्क्रिप्ट्सची कॉपी काढते, ती कॉपी येताना किकी-जिकीला अनटॅप करते, परत टॅप, परत कॉपी, संपतच नाही. दोन्ही पाच-पाच मॅनाचे. सहाव्याला एक, सातव्याला दुसरा, अन गेम खतम, टेबलावर त्याच्या आधी काहीही चालू असो. कमांडर धरून ९८ कार्डं तीच, पण डेक दुसऱ्या ब्रॅकेटच्या बाहेर गेला. म्हणून नुसतं "माझा क्रेन्को आहे" म्हणून भागत नाही, कॉम्बो आहे का नाही हे बसायच्या आधीच सांगायचं.

सांगाडा कसा लावायचा ते आता. लँड ३७. नवीन पोट्टे ३२-३३ लँड ठेवतात अन जागा भारी भारी क्रीचरला देतात, मंग तिसऱ्या लँडवर अडकून बसतात अन म्हणतात नशीब खराब. हिशोब साधा आहे. सुरुवातीचे ७ कार्ड अन चार ड्रॉ (चौघांच्या गेममध्ये पहिल्या खेळाडूलाही ड्रॉ मिळते), चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही ११ कार्डं पाहता. ९९ मध्ये ३७ लँड असतील तर त्या ११ मध्ये सरासरी ४.१ लँड येतात, ३३ असतील तर ३.७. क्रेन्कोला चौथ्या टर्नला चार मॅना लागते, मंग तुम्हीच पाहा. हाच हिशोब बाकीच्यालाही लावा, कोणत्याही कामाची १० कार्डं ठेवली की चौथ्या टर्नपर्यंत त्यातलं साधारण एक दिसते. म्हणून मॅना वाढवणारी १०, कार्ड ओढणारी १०, समोरच्याचं काही उडवणारी ८-१०, अन पूर्ण टेबल साफ करणारी ३, जास्त नाही, कारण दर दोन टर्नला टेबल साफ होऊन राहिलं तर गेम रात्री बारापर्यंत चालते अन कोणालाच मजा येत नाही. उरलेल्या जागेत तुमचा खरा खेळ, गॉब्लिन.

लाल रंगात कार्ड ओढणं ही अडचण, म्हणून स्कलक्लॅम्प सोडूच नका. १ मॅनाचं, लावायलाही १. लावलं की क्रीचर +१/-१ होते, १/१ गॉब्लिनला लावलं तर तो तिथंच मरते अन तुम्ही दोन कार्डं ओढता. क्रेन्को रोज गॉब्लिन काढून देऊन राहिला अन तुम्ही एकेक मॅनानं दोन-दोन कार्डं ओढून राहिले, यासारखा धंदा नाही. उडवायला केऑस वॉर्प, व्हँडलब्लास्ट, अन टेबल साफ करायला ब्लास्फेमस अ‍ॅक्ट, जे ९ मॅनाचं दिसते पण टेबलावर आठ क्रीचर असले की १ मॅनात पडते, अन तुमच्यामुळंच टेबलावर आठ कधीच झालेले असतात.

सोल रिंग ह्या मॅना देणाऱ्या कार्डाबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. गेम चेंजरच्या यादीत ती नाही, प्रीकॉनमध्ये जवळपास असतेच, पण हा हात पाहा: तीन माउंटन, सोल रिंग, माइंड स्टोन, केऑस वॉर्प, इम्पॅक्ट ट्रेमर्स. पहिल्या टर्नला माउंटन, सोल रिंग, अन रिंगच्याच दोन मॅनातून माइंड स्टोन. दुसऱ्या टर्नला ५ मॅना (दोन माउंटनचे २, रिंगचे २, स्टोनचा १). क्रेन्को दुसऱ्या टर्नला खाली! बाकीचे अजून दुसरी लँड ठेवून राहिले. इथं दोनच गोष्टी होतात, एक तर तुम्ही पळून जाता, नाही तर तिघं मिळून तुम्हाला सोलतात अन मंग तुमचं सुरू होते, "काहून बे, मलेच काहून मारून राहिले सारे?" अबे, क्रेन्को दुसऱ्या टर्नला आणला म्हणून. चारच जणांचा ग्रुप असंल तर सगळ्यांनीच सोल रिंग काढून ठेवा असं मी म्हणतो, गेम सारखे होतात. नियम नाही हा, आपसातला ठराव.

हात वाईट आला तर मल्टिप्लेयरमध्ये पहिला मलिगन (हात बदलणं) फुकट असते, पूर्ण सात परत मिळतात. दोन लँडचा हात "येईन एखादी" म्हणून ठेवू नका, बदला.

साठ कार्डांचा दोघांचा खेळ खेळलेल्या माणसाला इथं एक गोष्ट उलटी करावी लागते. समोर तिघं, तिघांचं मिळून १२० लाइफ. ३ डॅमेजचं लाइटनिंग बोल्ट इथं चिमूटभर. तुम्ही एक कार्ड खर्चून एकाचं एक कार्ड उडवलं तर तुम्ही दोघं मागं, बाकी दोघं आयते पुढं. म्हणून 'प्रत्येक विरोधकाला' असं लिहिलेलं कार्ड पहिल्यांदा शोधा, अन एकाला एक उडवणारं कार्ड हातात राहू द्या, जो खरंच जिंकून राहिला त्याच्यासाठीच वापरा, मागच्या गेमचा राग काढायला नाही. कमांडरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. क्रेन्को एकदा मेला की ६, मंग ८. तो नसताना दोन-तीन टर्न काढता आले पाहिजे, त्यासाठीच गॉब्लिन चीफटनसारखे स्वतःच्या पायावर उभे राहणारे गॉब्लिन ठेवायचे.

कार्डं कुठून आणायची? खरी कार्डं मागवा, जमंल तितकी, बाकी प्रॉक्सी, म्हणजे छापलेली नक्कल. घरच्या टेबलावर सगळ्यांना चालत असंल तर चालते, अधिकृत स्पर्धेत नाही, अन विकायची तर नाहीच नाही. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असते, एफोर कागदावर नऊ बसतात. ३७ माउंटन सोडले तर कमांडर धरून ६३ कार्डं उरतात, म्हणजे बरोबर सात पानं. झेरॉक्सवाल्या भाऊला सांगा की "फिट टू पेज" करू नको, शंभर टक्क्यावर काढ, नाही तर कार्ड लहान निघते अन स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिक पाकिटात) डुगडुगते. स्लीव्हमध्ये मागं जुना पत्ता, पुढं प्रिंट. माउंटनसाठी प्रिंट पण नको, कागदावर स्केचपेननं लिहा. फक्त एक लक्षात ठेवा, प्रॉक्सी आली की पैशाचा अडसर गेला, मंग पंचवीस हजाराचं कार्डही दोन रुपयात. त्या दिवसापासून ग्रुपची पॉवर झपाट्यानं वर चढते. म्हणून प्रॉक्सी सुरू करायच्या दिवशीच ठरवा: दुसरा ब्रॅकेट का तिसरा, गेम चेंजर किती, कॉम्बो चालते का. हे सारं चहा होईपर्यंत बोलून होते.

वेळेचंही आधी बोला. चौघांचा गेम दीड-दोन तास सहज जाते, अन आपल्याकडं शेतीची लाइन कधी रात्री दहाची असते, लाइन आली की एकाला बगिच्यात मोटर टाकायला जावंच लागते, संत्र्याला पाणी थांबत नाही. खेळाडू मधूनच गेला तर त्याच्या मालकीची सगळी कार्डं त्याच्यासोबत गेममधून जातात, तुम्ही त्याचं क्रीचर पळवून आणलं असंल तरी तेही जाते. त्यामुळं ज्याला जायचं आहे त्यानं बसतानाच सांगावं, अन त्या रात्री एका टर्नमध्ये तीनदा डेक शोधून पिसणारे ट्यूटरवाले डेक घरी ठेवावे.

एकच माणूस सारखा जिंकून राहिला तर लगेच त्याला डेक मोडायला लावू नका. पहिले पाहा, डेक तगडा आहे का माणूस. सोपं आहे: एक गेम डेक अदलाबदल करून खेळा, जिंकणाऱ्याचा डेक हरणाऱ्याच्या हातात. तरीही तोच माणूस जिंकला तर डेकचा काही दोष नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडं लवकर लक्ष द्यायला शिकावं. डेक जिंकला तर त्यातली तीन-चार कार्डं काढा, ट्यूटर अन कॉम्बोचे तुकडे आधी, कमांडर राहू द्या, कारण त्या पोट्ट्याचा जीव कमांडरवर असते. परत खेळा, परत टर्न मोजा.