हिवाळ्यात खुराडे कोरडे कसे ठेवावे

महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे काही हिवाळ्यांत पहाटे दवबिंदू गोठतात. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते. परसात कोंबड्या पाळणाऱ्याने मात्र त्या रात्री खुराड्याची काळजी घ्यावी. तुरा, चोचीखाली लोंबणारे लाल पदर आणि पायाची बोटे यांवर पिसांचे पांघरूण नसते, त्यामुळे पारा शून्याखाली गेला की तेथील रक्तप्रवाह आटतो आणि तो भाग गोठून मरू शकतो. मोठ्या तुऱ्याच्या नराला हा धोका अधिक असतो.

थंडीच्या भीतीने अनेकजण खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिकचा कागद गुंडाळतात, आणि नुकसान तेथेच होते. श्वासातून व विष्ठेतून रात्रभर निघणारी वाफ आत कोंडते, पत्र्याला थेंब धरतात, आणि ओला झालेला तुरा कोरड्या तुऱ्यापेक्षा लवकर गोठतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावावा; पण छपराखाली, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, वीतभर फट उघडी ठेवावी. पहाटे दार उघडून आत डोके घालावे: नाकाला अमोनिया झोंबला किंवा पत्रा आतून ओला दिसला, तर फट वाढवावी.

खाली चार ते सहा इंच जाडीचे कोरडे अंथरूण हवे. जावळी-पाटणच्या भातपट्ट्यात तूस मिळते, सांगलीकडे भुईमुगाची टरफले चालतात. मुठीत दाबल्यावर गोळा तसाच राहिला, तर ते अंथरूण बदलावे. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत, त्यामुळे पाण्याचे भांडे रात्री बाहेर काढावे आणि सकाळी कोमट पाणी द्यावे. बसण्यासाठी लोखंडी नळीऐवजी चार इंच रुंदीची सपाट लाकडी फळी लावावी, म्हणजे बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. निजण्यापूर्वी मूठभर मका टाकावा.

बंद खुराड्यात कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो. लहान पिल्लांचे गणित वेगळे आहे: त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करावी लागते.

तुरा पांढुरका आणि थंडगार लागला, तर तो चोळू नये. पक्ष्याला घरात आणून कोमट कापडाने हळूहळू ऊब द्यावी. काळे पडलेले टोक कापू नये. सूज किंवा दुर्गंधी आल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.