गोव्यात घरचे पाणी कसे तपासावे: यंत्र घेण्याआधी चार बाटल्या भरा

पर्वरीसारख्या उपनगरात नवा फ्लॅट घेतला की आरओ (विरघळलेले क्षार गाळणारे यंत्र) आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र) विकणारे लगेच दारात उभे राहतात. त्यांना थोडे थांबवा. गोव्याचे नळाचे पाणी बहुतेक नद्या-धरणांचे: ओप्याला खांडेपार नदीचे, दक्षिणेत साळावली धरणाचे, बार्देशात अस्नोड्याच्या प्रकल्पातले. पाऊस भरपूर, जमीन जांभ्याची, चुनखडक फारसा नाही. त्यामुळे पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम यात मुळातच कमी असते. जड पाण्याची तक्रार असेल तर आधी टँकर, बोअरवेल किंवा किनाऱ्यालगतची मचूळ विहीर बघा. सोसायटीच्या संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) नळाचे आणि टँकरचे पाणी एकत्र होते आणि दोष कुठला ते कळेनासे होते.

म्हणून चार ठिकाणचे पाणी वेगवेगळे घ्या: मीटरजवळच्या नळाचे थेट लाईनचे, संपमधले, गच्चीवरच्या टाकीतले आणि स्वयंपाकघरातल्या नळाचे. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा आणि लगेच चिठ्ठी लावा. टँकर आला तर त्याची पाचवी बाटली.

आता मोजणी. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, जडपणा नाही. लोह आणि जंतू यांच्याबद्दलही तो काही सांगत नाही. जडपणासाठी थेंब मोजायचे किट घ्या: ठरलेल्या मापाच्या पाण्यात सूचक टाकले की रंग लालसर होतो, मग द्रावण थेंब थेंब टाकत हलवत राहायचे, रंग पूर्ण निळा झाला की थांबायचे आणि थेंबांना किटवरच्या आकड्याने गुणायचे. जांभळ्या छटेवर थांबलात तर आकडा कमी येतो. ६० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असेल तर पाणी मृदू, १८० च्या वर फार जड. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० आणि टीडीएसची ५०० मिलिग्रॅम आहे. दोन्ही आकडे याच्या बरेच आत असतील तर सॉफ्टनरही नको, आरओही नको. मृदू पाण्यातले उरलेसुरले क्षार काढून टाकायला पैसे मोजण्यात अर्थ नाही.

किट नसेल तर डाग बघा. किटलीच्या तळाला पांढरा, खरखरीत, विनागर (व्हिनेगर) घातल्यावर बुडबुडे येऊन सुटणारा थर म्हणजे जडपणा. कमोडमध्ये तपकिरी ओघळ, कोऱ्या चहाला काळपट रंग, बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या तळाशी गंजासारखा गाळ, हे लोह. काळा चिकट थर बहुधा मँगनीजचा. बेसिनमध्ये निळसर-हिरवा ओघळ दिसला तर पाणी आम्लधर्मी आहे आणि तांब्या-पितळेचे जोड खात आहे.

हा शेवटचा दोष गोव्याच्या विहिरींमध्ये नेहमी आढळतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. मानकात पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी) ६.५ ते ८.५ हवा, जांभ्यातून झिरपलेले पाणी बऱ्याचदा त्याखाली असते. अशा पाण्याने गीझरची टाकी आणि लोखंडी पाइप लवकर गंजतात. उपाय साधा: पंपानंतर संगमरवराच्या किंवा चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर बसवा. खडे हळूहळू विरघळतात, पीएच वर येतो, जडपणा थोडा वाढतो. खडे झिजले की भर घाला. पाण्यात लोह असेल तर खड्यांच्या आधी पाण्याला हवा लागू द्या (टाकीत शॉवरसारखे पडू द्या), मग वाळूच्या फिल्टरमधून काढा. नाहीतर खड्यांवर गंज बसतो आणि काम थांबते. सॉफ्टनरमधल्या, जडपणा शोषणाऱ्या रेझिनच्या मण्यांचेही तेच होते.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर तुरटी बेताने वापरा. २० लिटरच्या कळशी-बादलीला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्या पाण्यात आम्ल शोषणारा क्षार कमी असल्यामुळे जास्त तुरटीने पीएच आणखी उतरतो, चव तुरट होते आणि गाळही नीट बसत नाही. वरचे निवळलेले पाणी गाळून उकळा.

क्लोरीनची चाचणी स्वस्त आहे, ती दर महिन्याला करा. चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर लाईनच्या पाण्याला पिवळी झाक येते आणि टाकीच्या पाण्याला काहीच येत नसेल तर दोष संप किंवा टाकीत आहे. शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन हवा. टाकी धुताना आधी गाळ काढा, भिंती घासा, मग १,००० लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर वेगळ्या बादलीत कालवून, वरचे निवळलेले पाणी टाकीत ओता. चार तास ठेवा, सगळे नळ थोडे थोडे सोडून पाइपमध्येही ते जाऊ द्या, मग पूर्ण उपसा आणि दोनदा धुवा. पिण्याच्या पाण्याला मात्रा यापेक्षा खूप कमी: १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम, वापरण्याआधी तासभर थांबून. पावडर जुनी, ओलसर असेल तर क्लोरीन उडालेला असतो.

जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या. बाटली विसळू नका, झाकणाच्या आत बोट लावू नका, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. पहिल्या जोरदार पावसानंतरचा नमुना सर्वांत उपयोगी. विहिरीत गटाराचे किंवा सेप्टिक टँकचे पाणी झिरपत असेल तर तेव्हाच ते उघड होते.