मे महिन्याच्या सुट्टीत नेपाळच्या शाळेत: पर्यावरणाचं काम करायला जाणाऱ्यांसाठी

मी सोलापुरात विज्ञान शिकवते. परदेशात जाऊन शाळेतल्या मुलांबरोबर पर्यावरणाचं काम करायचंय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी नेपाळ सुचवते. तिथलं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. आपल्या शाळा मे महिन्यात बंद असतात तेव्हा तिथले वर्ग नुकतेच भरलेले असतात, आणि पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सरहद्द, पुढे डोंगराकडे बस. शिवाय मुलं देवनागरी वाचतात, त्यामुळे फळ्यावरच्या तक्त्यावरून पहिल्याच दिवशी काम सुरू होतं.

शाळा शोधताना घाई नको. मध्ये एखादी संस्था असेल तर तिला स्पष्ट विचारा: मी देते त्या पैशातले किती शाळेकडे जातात? हे काम शाळेने मागितलंय का? माझ्यानंतर ते कोणता शिक्षक चालवणार? त्या शिक्षकाशी फोनवर बोलणं करून देत नसतील तर नाद सोडा. आणि अनाथालयात ‘मुलांना वेळ द्यायला’ जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते. अशा ठिकाणच्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना घरापासून तोडल्याचे प्रकार नेपाळमध्ये उघडकीस आलेले आहेत. साधी सरकारी शाळा बघा, जिथून मूल संध्याकाळी घरी जातं. शाळांचा कारभार तिथे स्थानिक पालिकेकडे असतो, म्हणून मुख्याध्यापकांबरोबर गाउँपालिकेचंही, म्हणजे तिथल्या ग्रामीण पालिकेचंही, पत्र घ्या.

कागदपत्रांचं लवकर उरकतं. पोलीस पडताळणीचा दाखला अर्ज करून मिळतो. शाळेने मागितला नाही तरी न्या. अनोळखी माणूस मुलांमध्ये येतो तेव्हा हा कागद त्यानेच पुढे करावा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल तर परदेशी जाण्याची लेखी परवानगी मार्चमध्येच मागा. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, आणि शाळेने व पालकांनी हो म्हटल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत.

आता खरं काम. जाण्याआधी ते सोलापुरात करून बघा. मी नवीन मंडळींना आधी नान्नजला नेते. माळढोक पक्षी आता तिथे क्वचितच दिसतो, पण अभयारण्य आहे ते त्याच्यासाठी, आणि त्याला उघडं गवताळ माळरान लागतं. तिथे दाट झाडी लावली तर त्याचं घरच जातं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दिसेल तिथे खड्डा खणून रोप लावायची हौस आवरते. नेपाळच्या डोंगरात कुठे काय लावायचं ते गावाला विचारा. तिथे सामुदायिक वनांची पद्धत आहे. १९९३ च्या वन कायद्याने गावातल्या उपभोक्ता समूहांना जंगल सांभाळायचा हक्क दिला. दरड कोसळलेल्या उतारावर उत्तीस हे तिथलं झाड चांगलं धरतं, हे तिथल्या आजीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिला वर्गात बोलवा आणि आपण मागच्या बाकावर बसा.

आपण न्यायची ती मोजायची सवय. पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पर्जन्यमापकापासून सुरुवात करा. दोन लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी खडे टाका, तळाचा वेडावाकडा भाग बुडेल इतकं पाणी घाला आणि त्या पातळीवर शून्याची रेघ ओढा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज मोजून झालं की पाणी परत शून्यावर आणायचं; उन्हाने उडालं असेल तर घालायचं. झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. आपलं हवामान खातं सकाळी ८.३० ला पाऊस मोजतं. नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे, म्हणजे तिथे ८.४५. शाळा १० ला भरते, तेव्हा ही जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांना द्या. सोलापुरातही तशीच बाटली ठेवा. दोन देशांतली मुलं एकाच क्षणी वाकून रेघ बघतात, याचा मुलांना फार आनंद होतो.

मग छपराचं गणित. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छप्पर १०० चौरस मीटर असेल तर १० मिलिमीटर पावसात १,००० लिटर. हे मुलांनी स्वतः टेप धरून काढावं आणि पालकांच्या बैठकीत स्वतः मांडावं. पन्हळ आणि टाकी बसवायची का, कुणी खर्च करायचा, हे त्या बैठकीत गाव ठरवेल. आपण पैसे काढून टाकी उभी केली तर ती ‘पाहुण्यांची टाकी’ होते आणि नळ गळला की कुणी हात लावत नाही.

मे महिन्यातलं सगळ्यात मोलाचं काम मात्र झऱ्याचं. पावसाआधी धारा अगदी बारीक झालेली असते, आणि वर्षातला तो कमीत कमी आकडाच गावाला उपयोगी पडतो. दहा लिटरची बादली धारेखाली धरा, वेळ मोजा. ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या. त्या धारेवर किती घरं येतात, कोण किती दुरून येतं, रांग कधी लागते, हेही मुलं लिहून घेतील. पाणी भरायला बहुतेक बायका आणि मुली येतात, म्हणून नोंदवही मुलींच्या हातात द्या. कचऱ्याचं वजन, कंपोस्टचा खड्डा हे तुम्हाला येतच असेल. दोन तासिका पुरतात.

भाषेसाठी थोडे कष्ट घ्या. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. आपल्याला तर लिपी आयती मिळते. आकडे, दिशा, पाणी, झाड, ‘तुला काय वाटतं?’ एवढं नेपाळी तरी जाण्याआधी पाठ करा.

मुक्काम कुणाच्या घरी असेल तर सकाळी शाळेआधी आणि रात्री डाळभात असतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्या, टिकते. यजमानांना सोलापुरी चादर द्या, डोंगरात कामाला येते.

निघताना नोंदवही तिथल्या शिक्षकाकडे सोपवा, महिन्यातून एकदा दोन्ही वर्गांनी आकडे पाठवायचे असं ठरवा. दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, सुट्टीत तिकडून काही येणार नाही, त्याची काळजी करू नका. पावसाळा संपला की दोन्हीकडचे स्तंभालेख शेजारी लावा. तिकडचा उंच स्तंभ बहुधा जुलैचा असेल, सोलापूरचा सप्टेंबरचा. असं का, ते तुम्ही सांगू नका. दोन्ही वर्गांना नकाशा द्या आणि एकमेकांना पत्र लिहायला सांगा.