अल्बम पुरस्काराला पाठवायचाय? रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागद काढा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पोरंपोरी आता स्वतःच्या हिमतीवर अल्बम करायला लागलीत. त्यांचा एक प्रश्न मला हमखास येतो: पुरस्काराला कसं पाठवायचं? मी टिळकवाडीतल्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करते, प्रवेशिकांचे कागदही बघते. माझं ठाम मत असं की पुरस्काराची तयारी रेकॉर्डिंगच्या दिवशीच सुरू होते. गाणं बाहेर आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

आपल्या गाण्यांतला खास आवाज येतो कुठून? येळ्ळूर, कडोली, उचगावच्या भजनी मंडळांतून. पखवाजवाले काका दुपारी येतात, दोन गाण्यांत जीव ओततात, चहा घेऊन शेवटची बस पकडतात. त्यांचं पूर्ण नाव कुणी लिहून घेत नाही. पुढे फॉर्ममधला वादकांचा रकाना भरायची वेळ आली की फोनाफोनी सुरू होते. म्हणून माईक बंद झाला की लगेच लिहा: गीत, संगीत, संयोजन, प्रत्येक वाद्य, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं), मास्टरिंग (शेवटची ध्वनीसफाई). नाव इंग्रजीत कसं लिहायचं हे त्या माणसालाच विचारा. मानधन किती ठरलं ते लिहून सही घ्या. ज्याच्या बोटांनी गाणं उभं राहिलं, त्याचं नाव नामांकनाच्या यादीत नसणं मला सहन होत नाही.

'पारंपरिक' हा शब्द जपून वापरा. अभंग तुकोबांचा असेल तर शब्दांवर आज कुणाचा मालकी हक्क नाही. पण चाल? ती मंडळातल्या एखाद्या बुवांनी तीस वर्षांपूर्वी बांधलेली असू शकते. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हक्क टिकतो. मंडळात जाऊन विचारा, बुवांच्या घरी जा, परवानगी लिहून घ्या.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा 12 अक्षर-अंकांचा ओळख-कोड लागतो. तो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ॲप्सवर पोचवणारी कंपनी, देते, किंवा इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून घेता येतो. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी त्याच रेकॉर्डिंगचा कोड तोच ठेवायचा. लाइव्ह किंवा रिमिक्स केलंत तर नवा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं सभासदत्वही घ्यावं. पुरस्कार मिळो न मिळो, रॉयल्टीचा रस्ता तिथून जातो.

आता कुठे पाठवायचं? तिशीच्या आत असाल तर बेंगळुरूच्या टोटो फंड्स द आर्ट्सकडे आधी बघा. 2004 पासून ही संस्था तरुण कलाकारांच्या पाठीशी उभी आहे आणि संगीतासाठी तिचा वेगळा पुरस्कार आहे. ब्रिटनमध्ये एआयएम या स्वतंत्र संगीत कंपन्यांच्या संघटनेचे 2011 पासूनचे आणि अमेरिकेत लिबेरा हे 2012 पासूनचे पुरस्कार मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीतासाठी आहेत. ती वाट बहुतेक वेळा लेबलमार्फत, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीमार्फत जाते. ग्रॅमीचं स्वप्न असेल तर हे माहीत हवं: प्रवेशिका ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद किंवा तिथे नोंदलेल्या कंपन्याच देऊ शकतात. आणि अल्बम म्हणजे किमान पाच वेगळी गाणी व एकूण 15 मिनिटं, नाहीतर एकूण किमान 30 मिनिटं. चार छोटी गाणी एकत्र केली की आपल्याकडे अल्बम म्हणतात, तिथे तो धरत नाहीत.

विभाग निवडताना घाई नको. बेंगळुरूच्या रिकी केज यांना 2015 साली 'विंड्स ऑफ संसारा'साठी ग्रॅमी मिळालं ते न्यू एज, म्हणजे शांत, ध्यानाला साजेशा संगीताच्या विभागात. भारतीय वाद्यं आहेत म्हणून डोळे झाकून 'लोकसंगीत'वर खूण करू नका. गाणं कानाला काय वाटतं ते ऐका, त्या विभागातले मागचे विजेते ऐका.

भाषेचा रकाना आला की आपली पोरं अडखळतात, कारण मुखडा मराठी आणि अंतरा कन्नड. फॉर्मसाठी कन्नड ओळी कापू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व कानडी घरातले, आणि मराठी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मुख्य गायकीची भाषा रकान्यात लिहा, दुसरीचा उल्लेख टिपणात करा. सोबत सगळ्या ओळींचा साधा इंग्रजी अर्थ जोडा, कारण परीक्षकांना दोन्ही भाषा येत असतीलच असं नाही.

प्रवेश फी बऱ्याच ठिकाणी असते, त्यात गैर काही नाही. पण 'तुमची निवड झाली, आता ट्रॉफीचे पैसे भरा' असा मेल आला तर उत्तरही देऊ नका. परीक्षक कोण आणि मागचे विजेते कोण, हे जिथे जाहीर नाही तिथे पैसे गुंतवू नका. ते पैसे मास्टरिंगला घाला, पखवाजवाल्या काकांच्या मानधनात घाला.

रिलीजची तारीखही नियम वाचूनच ठरवा. प्रत्येक पुरस्काराचा कालावधी वेगळा असतो आणि त्याबाहेर पडलेला अल्बम कितीही चांगला असला तरी त्या वर्षी ऐकला जात नाही. गणपतीतच आणायचा हट्ट असेल, तर आधी तो महिना कुठल्या वर्षाच्या खात्यात पडतो ते बघा.