चिंचोक्यांची खळ घरी कशी तयार करावी

उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच फोडून झाली की गर बाजारात जातो आणि चिंचोके पोत्यात पडून राहतात. फळाच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा असलेल्या या बियांच्या गरात झायलोग्लुकन नावाची बहुशर्करा विपुल असते आणि ती पाण्यात शिजली की उत्तम चिकटते. घोंगडी विणणारे कारागीर लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, हीच खळ देतात, तर ओडिशाचे पट्टचित्रकार तिच्यात खडूची भुकटी मिसळून कापडाची भूमी, म्हणजे चित्राखालचा थर, तयार करतात.

खळीचा कस ठरतो तो टरफल काढताना. तपकिरी टरफलात टॅनिन असते आणि ते गरासोबत दळले गेले, तर खळ काळपट होऊन कागदावर डाग पडतात. म्हणून चिंचोके धुऊन, कडक उन्हात वाळवून, लोखंडी कढईत तापलेल्या वाळूत मध्यम आचेवर सतत हलवत भाजावेत. टरफलाला तडे जाऊ लागले की एक चिंचोका काढून ठेचून पाहावा. टरफल सुटून आतला गर फिकट पिवळसर दिसला, तर कढई तत्काळ उतरवावी. गर तांबूस होईपर्यंत भाजल्यास खळीचा दाटपणा घटतो, आणि तो पुन्हा कोणत्याही उपायाने येत नाही. वाळू चाळून काढल्यावर चिंचोके खलबत्त्यात हलके कुटावेत, सुपात पाखडावेत आणि टरफलाचे उरलेले तुकडे हाताने निवडून टाकावेत.

हा गर फार टणक असल्याने घरच्या मिक्सरला झेपत नाही. तो गिरणीतून दळून आणावा, किंवा रात्रभर भिजवून पाट्यावर बारीक वाटावा.

कागद व पुठ्ठ्यासाठी एक लिटर पाण्याला सुमारे ८० ग्रॅम, तर सुताला देण्यासाठी ५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वस्त्रगाळ पीठ पुरते. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्यास गुठळ्या होतात. त्यामुळे ते आधी थोड्या थंड पाण्यात कालवून, मग उकळत्या पाण्यात बारीक धार धरून सोडावे. मंद आचेवर २० ते ३० मिनिटे ढवळत राहिल्यावर पांढुरका रंग जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक होते आणि पळीवरून सलग ओघळते. ते गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे.

ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे ओल लागणाऱ्या वस्तूंसाठी ती वापरू नये. शिवाय ती एक-दोन दिवसांत आंबते. बुकबाइंडर खळीत किंचित मोरचूद घालतात, त्याने बुरशी व कीड दूर राहते. परंतु मोरचूद विषारी आहे, तेव्हा मुलांच्या हस्तकलेसाठी ते मुळीच घालू नये, रोज लागेल तेवढीच ताजी खळ शिजवावी. कोरडे पीठ मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात कित्येक महिने टिकते.