मॉडेल रेल्वे ऑटोवर टाकताय? आधी शेवटचा डबा बघा

जेएमआरआयमध्ये (कॉम्प्युटरवरून मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर) ब्लॉक (रुळाचा एकेक तुकडा), सेक्शन (ब्लॉकचा गट), ट्रान्झिट (सेक्शन जोडून केलेला मार्ग) सगळं नीट भरलं, डिस्पॅचरला (त्यातला गाड्या आपोआप चालवणारा भाग) गाडी दिली, तरी मागची गाडी पुढचीच्या शेपटाला जाऊन धडकू शकते, कारण रुळातून ओढल्या जाणाऱ्या करंटवरून ब्लॉकमध्ये गाडी आहे का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरला इंजिन दिसतं पण साधे डबे दिसतच नाहीत, इंजिन पुढे सरकलं की त्याच्या लेखी ब्लॉक रिकामा. उपाय स्वस्त आहे. निदान शेवटच्या डब्याच्या एका अ‍ॅक्सलवर १० किलोओहमचा रेझिस्टर दोन्ही चाकांना जोडून लावा (चाकं मेटलचीच हवीत, प्लास्टिकची असतील तर आधी ती बदला). डीसीसीच्या (रुळातूनच वीज आणि डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) १५ व्होल्टला दीड मिलिअँप करंट जातो, डिटेक्टरला तेवढा नाही पुरला तर अजून एक अ‍ॅक्सल करा. मग डबा हाताने ढकलत स्क्रीनवर त्या ब्लॉकचा सेन्सर कुठे विझतोय ते बघा, खास करून पॉइंट्सवर (गाडी रूळ बदलते ती जागा).